सड्यावरची बाग

मे महिन्याच्या दुपारी ताळगावच्या पठारावर उभं राहिलं की जांभा दगड चपलेतूनही भाजतो. झुवारीच्या मुखावरून वारा येतो, पण त्यात ओलावा नसतो. पायाखाली काळपट खडक, त्याच्या खळग्यांत चिमूटभर माती, वाळून पांढरं पडलेलं गवत आणि मधूनच करवंदाचं एखादं खुरटं झुडूप. गोवा विद्यापीठ या सड्यावर वसलं आहे. १९८४ च्या कायद्याने त्याची स्थापना झाली, १ जून १९८५ पासून कारभार सुरू झाला. त्याआधी मुंबई विद्यापीठाचं पदव्युत्तर केंद्र पणजीत चालायचं. आवार चारशे एकरांहून मोठं आहे, आणि इमारतींची आखणी सतीश गुजराल यांनी केलेली आहे.

मी इथे मराठी विभागात शिकलो. पेडण्याहून कदंबची बस पकडून म्हापसा, म्हापशाहून पणजी, पणजीहून पुन्हा विद्यापीठाची बस, असा तो प्रवास. वनस्पतीशास्त्राशी माझा संबंध आला तो मित्रांमुळे. त्यांच्या हातात वर्तमानपत्रांच्या घड्या आणि दाबयंत्राच्या लाकडी फळ्या असायच्या, आणि तास संपला की ते सड्यावर फिरायला निघायचे. त्यांच्यामागून चालता चालता मला पठार दिसायला लागलं. बाहेरून आलेले पाहुणे आवार बघून नेहमी एकच प्रश्न विचारत: एवढी मोकळी जमीन ओस का ठेवली आहे, झाडं का लावत नाही? प्रश्न सद्‌भावनेचाच असे. पण त्याचं उत्तर द्यायला मे महिना उपयोगाचा नाही. त्यासाठी पावसाळा यावा लागतो.

मृगाच्या पहिल्या सरी पडून गेल्या की चार-सहा दिवसांत खडकाच्या भेगांतून कंद जागे होतात. मुसळीची पिवळी चांदणी जमिनीलगत उमलते. कोकणच्या सड्यांवरच वाढणारं दिपकाडी पांढरीशुभ्र फुलं घेऊन वर येतं आणि थोड्याच दिवसांत फुलणं आटोपून पुन्हा पानांपुरतं उरतं. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी खडकावरून पातळ थराने वाहत असतं, तेव्हा मात्र गुडघे टेकून खाली वाकावंच लागतं. गेंदाच्या पांढऱ्या टाचणीएवढ्या गोंड्यांनी अख्खा उतार भरलेला असतो. त्यांच्यामधून सीतेच्या आसवांची जांभळी-निळी फुलं डोलतात. त्या फुलाखालचा चिखल बोटाने हलकेच बाजूला केला की केसासारख्या तंतूंवर बारीक बारीक पिशव्या दिसतात. पाण्यातला सूक्ष्म जीव पिशवीच्या तोंडाशी आला की ती आत ओढून घेते. शेजारीच दवबिंदू असतो. वीतभरही उंच नाही, पण प्रत्येक पानावर तांबडे केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. एकदा माझ्या देखत त्या थेंबावर एक चिलट बसलं. त्याने पाय सोडवायचा प्रयत्न केला, आणि जितकं ते हललं तितके आणखी केस त्याच्याकडे झुकत गेले. मी किती वेळ पाहत राहिलो ते आठवत नाही. पाठीवर पाऊस पडत होता, एवढं आठवतं.

या झाडांनी किडे खायला का सुरुवात केली, हे सडाच सांगतो. जांभ्यावरची माती काही बोटं जाडीची. जो नत्र आणि स्फुरद थोडाफार असतो तो पहिल्या महिन्यातल्या पावसाने धुऊन जातो. पावसाळा सरला की उरलेले आठ महिने ऊन. अशा जागी मोठं झाड तग धरत नाही. तग धरतात ते कंद, बारीक बिया, आणि अन्न मिळवण्याची वेगळी वाट शोधलेल्या या चिमुकल्या वनस्पती. सह्याद्रीच्या आणि कोकणच्या जांभ्या पठारांवर जी गवतं, जे गेंद, जे कवले फुलतात, त्यांतले कित्येक जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. ग्लायफोक्लोआ नावाची गवताची प्रजाती घ्या. भारतीय द्वीपकल्पाबाहेर ती सापडत नाही, आणि तिच्या बऱ्याच जाती या खडकांनाच धरून आहेत. गोवा विद्यापीठातल्या प्रा. एम. के. जनार्थनम् आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी याच गवतांचा आणि सड्यांवरच्या वनस्पतींचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. गोव्याच्या नावाचं एक दिपकाडीही त्यांनीच सहकाऱ्यांसह जगासमोर मांडलं.

म्हणून माझं मत ठाम आहे. विद्यापीठाच्या आवारातल्या वृक्षोद्यानाचा पहिला भाग म्हणजे वृक्ष न लावलेला सडा. तो तसाच राखावा. एका जुलैत वनमहोत्सवाच्या नावाने सड्यावर खड्डे खणायचे, ट्रकने माती आणून टाकायची, आणि त्यात ऑस्ट्रेलियातून आलेला आकेशिया लावायचा, हा प्रकार गोव्यात सामाजिक वनीकरणाच्या काळात गावोगाव झाला. आकेशिया जगतो, भराभर वाढतो, त्याची चिवट पानं खाली साचतात, कुजत नाहीत, आणि त्या थराखाली गेंदाचं बी उजेडाला पारखं होतं. हिरवं दिसतं, फोटो चांगला येतो. पण जे आधीपासून तिथे होतं ते गेलेलं असतं, आणि गेलं हे कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण ते चारच महिने दिसायचं.

झाडांची बाग आणि वनस्पतिउद्यान यांत फरक आहे. नगरपालिकेच्या बागेत झाड सुंदर असलं की पुरे. विद्यापीठाच्या बागेतल्या झाडाला कागदपत्रं असावी लागतात: बी कोणत्या गावातून, कोणत्या रानातून, कोणत्या तारखेला आणलं, मूळ झाड कुठे उभं होतं, गोळा कुणी केलं. ही नोंद असली की पन्नास वर्षांनी कुणाला त्या गावात ते झाड परत न्यायचं झालं तर नेता येतं. नोंद नसली तर ते नुसतं सावली देणारं झाड. सावलीचीही गरज आहेच. पण विद्यापीठाने सावलीवर थांबू नये.

गोव्यात ही नोंदीची परंपरा जुनी आहे, आणि ती इथल्या साध्या माणसांच्या आधाराने उभी राहिली आहे. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याचा ‘कोलोकियुश’ हा ग्रंथ १० एप्रिल १५६३ रोजी गोव्यात छापून झाला. औषधी वनस्पती आणि मसाले यांच्यावरचे ते संवाद. त्या संवादांत अंतोनिया नावाची एक दासी येते. मालकाने हाक मारली की ती फळ आणते, फांदी आणते, पान आणते आणि समोर ठेवते. ऑर्ताचं नाव युरोपभर गेलं, १५६७ मध्ये क्लुसियसने अँटवर्पला लॅटिन संक्षेप छापला. पान शोधून आणणारी अंतोनिया पुस्तकात एका नावापुरती राहिली. ऑर्ताच्याही वाट्याला पुढे सुख आलं नाही. त्याच्या बहिणीला इन्क्विझिशनने १५६९ मध्ये जाळलं, आणि तो मेल्यावर १५८० मध्ये त्याची हाडं उकरून जाळली. आज पणजीतल्या पालिका उद्यानाला त्याचं नाव आहे. संध्याकाळी तिथल्या बाकांवर बसणाऱ्यांतल्या किती जणांना हे ठाऊक असेल, कोण जाणे.

पुढच्या शतकात कोचीनचा डच गव्हर्नर व्हान रेडे याने मलबारच्या वनस्पतींचा बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला. ‘होर्तुस मलाबारिकुस’. १६७८ ते १६९३ या काळात तो अॅमस्टरडॅमला छापला गेला. त्याला माहिती पुरवणाऱ्यांत इट्टी अच्युदन या मल्याळी वैद्याबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे तिघे होते. गोव्यातून परागंदा होऊन कोचीनला स्थिरावलेल्या कोकणी समाजातली ही माणसं. त्यांनी दिलेलं प्रमाणपत्र पहिल्या खंडात नागरी अक्षरांत छापलेलं आहे. गाव सुटलं, देव पालखीत घालून परमुलखात न्यावे लागले, पण झाडांची ओळख त्यांच्याबरोबर गेली आणि तिथे कामाला आली, हे मला फार मोठं वाटतं.

एकोणिसाव्या शतकात बार्देसातल्या आसगावचे डॉ. जुझे कामिल लिस्बोआ यांनी मुंबई इलाख्यातल्या उपयुक्त वनस्पतींवर १८८६ मध्ये ग्रंथ लिहिला. १८९८ मध्ये दालगादो यांचं ‘फ्लोरा दे गोवा ए सावंतवाडी’ लिस्बनला छापलं गेलं. त्या शीर्षकात गोवा आणि सावंतवाडी शेजारी शेजारी आहेत, आणि ते अगदी योग्य आहे. पेडणे आणि डिचोली हे दोन्ही महाल अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत सावंतवाडीकर भोसल्यांचे. डिचोली १७८१ मध्ये पोर्तुगिजांकडे गेली, पेडणे १७८८ मध्ये. सरहद्द माणसांनी आखली. तेरेखोलच्या अलीकडे जो किंदळ आहे तोच पलीकडे आहे. गोवामुक्तीनंतर पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीतले वा. द. वर्तक गोमंतकात हिंडले आणि १९६६ मध्ये इथल्या वनस्पतींची सूची त्यांनी प्रसिद्ध केली. याच वर्तकांनी माधव गाडगीळ यांच्याबरोबर पुढे देवरायांचा पहिला शास्त्रीय अभ्यास केला. मग वनस्पती सर्वेक्षण खात्याच्या शेषगिरी राव यांचे दोन खंड आले. म्हणजे कागदावर गोव्याची झाडं चांगली उतरलेली आहेत. प्रश्न आता जमिनीवरच्या झाडांचा आहे.

मला झाडं शिकवली ती माझ्या मामाने, आणि ती माटोळीच्या निमित्ताने. चवथीच्या आधी गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगायची, आणि तिला रानातली फळं, शेंगा, फुलं, शिपटी बांधायची, ही आमच्याकडची रीत. नारळाचं आणि सुपारीचं शिपटं, आंबाडे, तोरिंग, चिबूड, दोडकी हे घरचं किंवा कुळागरातलं. पण माटोळीला शोभा येते ती रानातल्या वस्तूंनी, आणि त्यासाठी चवथीच्या दोन दिवस आधी रानात जायचं. मामा पुढे, हातात कोयता, डोक्यावर प्लास्टिकचं खोळ, आणि आम्ही मुलं मागे. त्याचा एक नियम होता. कुठलंही झाड दाखवलं की म्हणायचा, “पयलें पान हुंग, मागीर नांव सांग.” तिरफळाचं पान चुरडलं की बोटांना दिवसभर वास राहायचा. कुड्याचं पान खुडलं की पांढरा चीक. कवंडाळाच्या वेली उंच झाडांवर चढलेल्या असत, आणि त्यांची लिंबाएवढी केशरी फळं पावसाच्या अंधारातही लांबून दिसत. ती खायची नाहीत, कडूजहर, हे पहिल्याच दिवशी सांगितलेलं. कांगणीचे घोस मला सगळ्यांत आवडायचे. हिरव्यावरून पिवळी होत गेलेली वाटाण्याएवढी फळं, आणि एखादं पिकून तीन ठिकाणी फुटलेलं असलं की आतला लाल-केशरी गर दिसायचा. तिचा वेल सापडला तरी मामा सगळे घोस कधी काढू द्यायचा नाही. “पुढल्या वर्साक किदें घालतलो?” असं विचारायचा आणि कोयता खाली करायचा.

घरी आल्यावर आजी ओसरीवर सगळं पसरून एकेक वस्तू निवडायची आणि प्रत्येकीचं काम सांगायची. हे पोटावर, हे खरजेवर, हे नुसतं देवाला. तिला वाचता येत नव्हतं. माटोळीची चौकट भरली की आमच्या गावच्या रानातलं भाद्रपदातलं निम्मं शास्त्र देवाच्या डोक्यावर टांगलेलं असायचं, आणि घरातलं लहान मूल पाच दिवस त्याच्याकडे मान वर करून बघायचं. कला आणि संस्कृती संचालनालय दरवर्षी माटोळीची स्पर्धा घेतं. त्या स्पर्धेत शेकड्यांनी प्रकार बांधणारी घरं आहेत, आणि त्यांच्याइतकी रानातली ओळख पदवीधारकांनाही क्वचित असते. मात्र आता बहुतेक ठिकाणी माटोळीचं सामान म्हापशाच्या, डिचोलीच्या बाजारात विकत मिळतं. विकणाऱ्याला पुढच्या वर्षाची काळजी करून भागत नाही. वेल मुळासकट ओढून आणलेला दिसतो, कवंडाळाच्या कच्च्या फळांनी टोपल्या भरलेल्या दिसतात. घेणाऱ्याला ते कुठल्या रानातलं हे माहीत नसतं, आणि विचारायचंही सुचत नाही.

दुसरी आठवण पेडण्यातली, सुरंगीची. फेब्रुवारी-मार्चमध्ये जुन्या फांद्यांच्या अंगावरच कळ्यांचे गुच्छ लागतात. पान बाजूला, फूल थेट लाकडाला. उमलायच्या आत, उजाडताना त्या काढाव्या लागतात, म्हणून घरातला एखादा पुरुष झाडावर आणि बायका खाली जुनी लुगडी पसरून उभ्या. उशीर झाला की पाकळ्या उलगडतात, मधमाश्यांचा गुणगुणाट वाढतो आणि वळेसर चांगला होत नाही. ओल्या कळ्यांचे वळेसर, वाळवलेल्या कळ्या व्यापाऱ्याला. सुरंगीत नराचं झाड वेगळं असतं, आणि फळणारं वेगळं. बी रुजवून वाढवायला माणसाला फार मोठा धीर लागतो. त्यामुळे घरासमोरचं सुरंगीचं झाड म्हणजे आजोबा-पणजोबांनी लावलेलं. रस्ता रुंद करताना अशी झाडं गेली की त्या जागी नवं लावलेलं मी तरी अजून पाहिलेलं नाही.

डिचोली हे माझं आजोळ. मयेचं तळं, हरवळ्याचा धबधबा, नार्व्याचा सप्तकोटेश्वर, शिरगावच्या लईराईच्या जत्रेत धोंडांच्या गळ्यातले मोगऱ्याचे हार, हे त्या तालुक्याचं एक रूप. दुसरं रूप तांबड्या मातीचं. लोहखनिजाच्या खाणींनी डोंगर कापले, काढलेली माती उंच ढिगांनी रचली, आणि पावसात ती शेतांत, ओहोळांत, तळ्यांत उतरली. शिरगावात विहिरी आटल्या. सर्वोच्च न्यायालयाने ७ फेब्रुवारी २०१८ रोजी ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं, मार्चच्या मध्यापासून खाणी थांबल्या, पुढे लिलाव होऊन काही पुन्हा चालू झाल्या. खाणीवर पोट असलेली माझ्या नात्यातलीच माणसं आहेत, तेव्हा हा विषय मी हलक्या हाताने घेऊ शकत नाही. पण उघड्या पडलेल्या ढिगांवर काय लावायचं, हा प्रश्न खाण चालू असो वा बंद, आहेच. सुरुवातीला तिथेही आकेशियाच लावला गेला. साखळीला सेझा गोवा कंपनीच्या संपलेल्या खाणीवर पुढे काजू, बांबू आणि देशी झाडं उभी केली गेली, फुलपाखरांची बाग झाली. ते काम मी आनंदाने पाहिलं आहे. तसंच काम प्रत्येक ढिगावर करायचं तर रोपं लागतील लाखांनी, आणि ती त्याच तालुक्यातल्या बियांची हवीत. ती वाढवणार कोण?

गोव्यात सहा अभयारण्यं आणि एक राष्ट्रीय उद्यान आहे. त्यांतलं एकही पेडणे किंवा डिचोली तालुक्यात नाही. चोडणचं पक्षी अभयारण्य तिसवाडीत, म्हादई सत्तरीत, बाकी सगळं फोंडा, धारबांदोडा, सांगे आणि काणकोण बाजूला. या दोन तालुक्यांत झाडांना अभयारण्याचं छप्पर नाही. राखलं आहे ते देवाच्या भीतीने, कुळागराच्या हिशेबाने, आणि सड्यावर कुणाला काही करता येत नव्हतं म्हणून. ते शेवटचं कारणही आता राहिलेलं नाही. मोपाच्या पठारावर विमानतळ आला. पन्नास हजारांहून जास्त झाडं तोडावी लागणार होती. पर्यावरणाच्या परवानगीसाठी दिलेल्या माहितीत गंभीर त्रुटी असल्याचं सांगून सर्वोच्च न्यायालयाने २९ मार्च २०१९ रोजी ती परवानगी स्थगित केली. त्या खटल्याला हनुमान आरोसकरांचं नाव आहे. जानेवारी २०२० मध्ये अटींसह स्थगिती उठली, ११ डिसेंबर २०२२ रोजी उद्घाटन झालं आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमानं उतरू लागली. त्या विमानतळावरून मीही गेलो आहे. धावपट्टीच्या कडेला कापलेल्या जांभ्याचा उभा थर दिसतो, आणि त्याच्या माथ्यावर मातीची ती दोन-चार बोटांची काळसर रेघ. सगळं फुलणं त्या रेघेत होतं.

कुणी म्हणेल, बिया गोळा करून शीतगृहात ठेवा, गरज लागली की रुजवा. गवताच्या बाबतीत ते जमतं. आपल्या ओल्या रानातल्या कित्येक झाडांच्या बाबतीत जमत नाही. भिरंडीचं बी वाळलं की मरतं. रानजायफळाचंही तसंच. आमच्या शेजारच्या सत्तरीत नानोड्याजवळच्या बांबरला निरंकाराची राय आहे. पाण्यात उभी रानजायफळं, चिखलातून गुडघ्यासारखी वर आलेली मुळं, आत गेल्यावर भर दुपारी संधिप्रकाश. देवाच्या नावाने लोकांनी ती राखली, म्हणून शास्त्रज्ञांना ती सापडली. त्या झाडाचं बी पडल्यावर थोड्या दिवसांत ओल्या जमिनीत रुजलं तर रुजलं. त्याला राखून ठेवायची एकच जागा आहे, ती म्हणजे दुसरी जमीन, जिथे ते झाड होऊन उभं राहील. विद्यापीठाची बाग हवी ती यासाठी. रायीवर कीड आली, वादळ आलं, रस्ता आला, तर तिची लेकरं दुसऱ्या ठिकाणी वाढलेली असावीत.

हे होऊ शकतं, याचा पुरावा शेजारीच आहे. कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ १९६२ मध्ये माळावर उभं राहिलं. तिथल्या वनस्पतीशास्त्र विभागात प्रा. श्रीरंग यादव यांनी सह्याद्रीतले दुर्मीळ कंद आणि वेली आणून जगवल्या. कंदीलपुष्पांच्या जाती, ज्यांची फुलं काहींनी फक्त जुन्या पुस्तकांतल्या चित्रांत पाहिली होती, त्या तिथल्या कुंड्यांत फुलल्या. केंद्र सरकारच्या योजनेत त्या बागेला ‘लीड बोटॅनिकल गार्डन’चा दर्जा मिळाला. वाढवलेली रोपं पुन्हा डोंगरावर नेऊन लावायचे प्रयोगही झाले. माळ आणि पाण्याची टंचाई असताना हे झालं. आपल्याकडे तर वरून शंभर इंचांहून जास्त पाऊस पडतो.

आता मागणी मांडतो. गोवा विद्यापीठाने आपल्या आवारातला सड्याचा एक मोठा तुकडा लेखी ठराव करून राखीव ठेवावा. तिथे इमारत नको, खड्डा नको, वृक्षारोपण नको. आणि आवारातल्या वृक्षोद्यानात प्रत्येक तालुक्यासाठी एक वाफा, एक राई असावी: पेडण्याची, डिचोलीची, सत्तरीची, काणकोणची. प्रत्येक झाडापुढच्या पाटीवर गावाचं नाव असावं, आणि बी देणाऱ्या घराची परवानगी असेल तर त्या घराचंही. गेल्या साडेचारशे वर्षांत पान आणून देणाऱ्यांची नावं फार गळली. यापुढे गळू नयेत.

पण सगळा भार ताळगाववर टाकून चालणार नाही. साखळीला सरकारी महाविद्यालय आहे, तिथे विज्ञान शाखा आहे, आणि खाणींचे ढीग हाकेच्या अंतरावर आहेत. विर्नोड्याला संत सोहिरोबानाथ आंबिये यांच्या नावाचं सरकारी महाविद्यालय आहे. तिथे विज्ञान नाही, कला आणि वाणिज्य आहे, पण बी पेरायला विज्ञानाची पदवी लागत नाही, आणि माटोळी बांधणारी मुलं त्या वर्गांत बसलेली आहेत. धारगळला अखिल भारतीय आयुर्वेद संस्था उभी राहिली, तिचंही उद्घाटन मोपाच्याच दिवशी झालं. पेडण्याच्या मातीतल्या औषधी वनस्पतींची जिवंत बाग त्या संस्थेच्या दारात नसेल तर कुठे असणार? या तिन्ही ठिकाणी एकेक एकर जागा, एक विहीर किंवा तिळारीच्या पाण्याचा नळ, एक माळी आणि एक वही एवढ्याने सुरुवात होते. माळ्याला कायमची नोकरी द्यावी. कंत्राटावर दर वर्षी बदलणाऱ्या माणसाच्या हाताखाली सुरंगी वाढत नाही.

वाचकांनाही सांगायचं आहे. यंदा चवथीला माटोळी बांधाल तेव्हा घरातल्या म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवा आणि प्रत्येक वस्तूचं नाव, ती कुठल्या रानातून आली, कशाला लागते, हे शाळेच्या वहीत लिहून घ्या. रानातून आणाल त्यातलं पिकलेलं एक तरी फळ राखा आणि त्याचं बी जवळच्या महाविद्यालयात नेऊन द्या. त्यांनी घेतलं नाही तर पुन्हा जा आणि जागा मागा.